खिळ्यावरचा कागद

“लाय फूकनं कथलाच्या खाणीतला गाळाचा पंप सांभाळला, एकोणतीस वर्षं. त्याचा मुलगा लाय सांग, त्यानं लॉऱ्यांचे डिझेल पंप खोलले. सांगचा मुलगा लाय वेंग होय, त्यानं ह्याच फरशीवर बसून कार्बुरेटर बसवले. आणि हा वेंग होयचा मुलगा, योक थिम. तुमच्या गाडीच्या इंधनाला हात लावील तर हा लावील. दुसरा कुणी नाही.”

दातुक याप यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. “तौकेसो, मी माणूस विचारला होता. तुम्ही तर घराणंच काढलंत.”

“ज्याला असतं त्याचंच काढते.”

ते मोठ्याने हसले. दातुक ही त्यांची सरकारी पदवी; मला सगळे तौकेसो, म्हणजे मालकीण, म्हणतात. ज्याच्या चार पिढ्या मी मोजल्या तो योक थिम गाडीशेजारी चिंध्यांना हात पुसत उभा होता. चौपन्न वर्षांचा, बुटका, केस विरळ झालेला. इपोहमध्ये त्याला तोंडाने ओळखणारे थोडे होते. पण क्वालालंपूरहून माणसे गाड्या घेऊन मेंगलेम्बूच्या आमच्या गल्लीत येत, ती त्याच्या हातासाठी. हे मी त्याला कधी सांगितले नाही. नोकराला त्याची किंमत सांगणे माझ्या सासूने मला शिकवले नव्हते.

गाडी दातुकांच्या मुलाची होती. मुलाचे नाव फुंग. चंदेरी रंगाची जपानी गाडी; तिला त्याने बाहेरून कुठूनतरी दुप्पट मोठा टर्बो बसवून आणला होता आणि रविवारी तो ती शर्यतीच्या मैदानात पळवणार होता.

“एवढे पैसे टर्बोला घातले, आता आणखी काय राहिलं?” दातुकांनी विचारले.

थिमने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवल्यावर बोलला. “दातुक, टर्बो म्हणजे फुप्फुस. फुप्फुस दुप्पट केलं, घास तेवढाच ठेवला. हवा भरपूर आणि इंधन अपुरं, असं झालं की इंजिन स्वतःलाच जाळायला लागतं. पिस्टन मेणासारखा वितळतो. टाकीत दोन पंप हवेत. एक नेहमीचा, दुसरा गाडी पुरती दाबली की चालू होणारा. इंजेक्टर मोठे, नळ्या जाड, पंपाची वायरसुद्धा जाड.”

“किती दिवस?”

“सहा.”

“पाच,” माझा नातू मागून म्हणाला. जुन वेई एकोणतीस वर्षांचा आहे. मेलबर्नला शिकून आला आहे आणि माझ्या मुलाच्या मागे हे गॅरेज त्याचेच होणार आहे. “थिम सुकचा एक दिवस उदबत्तीत जातो. तो मी वाचवतो.”

सगळे हसले. ज्याला तो सुक, म्हणजे काका, म्हणे तो थिमही हसला. त्याला हसावेच लागे.

उदबत्तीचे असे होते. आमच्या गॅरेजात इंधनाचा जोड बसवला की प्रत्येक जोडाखाली तळहाताएवढा पांढरा कागद ठेवतात आणि पंप चालू करून नळ्यांत पुरता दाब भरतात. मग दाराबाहेर, रस्त्याच्या कडेला भूमिदेवाच्या देव्हाऱ्यात एक उदबत्ती लावतात. ती विझेपर्यंत गाडीचे इंजिन कुणी सुरू करायचे नाही. विझल्यावर कागद उचलायचे. एकावरही डाग नसेल तर त्यांतल्या एका कागदावर तारीख, गाडीचा नंबर आणि ‘कोरडा’ एवढे लिहून कारागिराने सही करायची, त्याखाली गॅरेजच्या मालकाने करायची. तो कागद माझ्या गल्ल्याशेजारच्या खिळ्यावर टोचायचा. लाकडी ठोकळ्यावर उभा ठोकलेला तो वीतभर खिळा माझ्या सासऱ्यांच्या वेळचा आहे. कागद माझ्या हाती देताना थिम प्रत्येक वेळी म्हणे, “तौकेसो, तपासून घ्या.” मी न पाहता टोचत असे.

त्या खिळ्यावर एकदाच एक कागद नव्हता.

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली इपोहमधली पहिलीवहिली टर्बो गाडी आमच्याकडे आली. इंधनाची नळी थिमच्या बापाने, वेंग होयने, बसवली. माझ्या नवऱ्याने, हॉन मिंगने, इंजिन सुरू केले आणि जोडातून पेट्रोल उडून भडका झाला. हॉन मिंगचा उजवा हात कोपरापर्यंत जळाला. बोटे एकमेकांना चिकटली ती कायमची. वेंग होय रडून सांगत होता की जोड कोरडा होता, कागद टोचला होता. मी सगळ्या कारागिरांच्या देखत खिळ्यावरचा एकेक कागद काढून पाहिला. त्या गाडीचा कागद नव्हता. कागद नाही म्हणजे तपासणी नाही; याहून जास्त पुरावा आमच्या गल्लीत कुणी मागत नाही.

मी त्याला पोलिसांत दिले नाही. त्याला देव्हाऱ्यासमोर उभे केले. तो म्हणाला, “तौकेंचा हात माझ्यामुळे गेला. आजपासून माझा हात तुमचा. माझ्यामागं माझ्या पोराचा.” पुढच्या सोमवारी सोळा वर्षांचा योक थिम शाळा सोडून कामाला आला. बाप पंधरा वर्षांनी वारला. थिम राहिला, इतरांच्या निम्म्या पगारावर. हॉन मिंग अंथरुणाला खिळला तेव्हा शेवटचे आठ महिने त्याला भरवणारा, त्याची दाढी करणारा, त्याला उचलून संडासाला नेणारा थिमच होता. हॉन मिंग जाऊनही आता बारा वर्षे झाली.

फुंगची गाडी यायच्या आधीच्या महिन्यात थिम माझ्यासमोर येऊन उभा राहिला होता. त्याची मुलगी काम्पारला असते. तिच्या घराखाली एक गाळा रिकामा झाला होता.

“नवीन वर्षाला मला मोकळं करा, तौकेसो. शेतीचे पंप, मोटारसायकली, मिळेल ते करीन. पाटी रंगवून ठेवलीय पोरीनं.”

“काय लिहिलंय पाटीवर?”

“वेंग होय पंप.”

मला ते रुचले नाही. ज्या नावाने माझ्या नवऱ्याचा हात खाल्ला ते नाव कुणी पाटीवर लावावे? “तौकेंचा हात परत येईल त्या दिवशी जा,” मी म्हणाले.

“तौके गेले, तौकेसो.”

“मग हातही त्यांच्याबरोबर गेला. तुझं देणं इथंच आहे.”

 मग “बरं” म्हणून कामाला लागला. त्याच्या तोंडावर काही दिसले नाही. त्याच्या तोंडावर कधीच काही दिसत नसे.

काम चार दिवस नीट चालले. बाहेरच्या नळ्या, इंजेक्टर, दाब राखणारी कळ, वायरी हे सारे थिमने केले. टाकीच्या आतले काम जुन वेईने हट्टाने स्वतःकडे घेतले, कारण दोन पंपांची जोडणी त्याने मेलबर्नला पाहिली होती. टाकीच्या आत, इंधनात बुडून राहणारी नळी वेगळी असते. दिसायला बाहेरच्या नळीसारखीच काळी, बोटाएवढीच जाड. फरक तिच्या अंगावरच्या बारीक अक्षरांत आणि किमतीत. बाहेरची नळी आतून इंधन सोसते, बाहेरून सोसत नाही. बुडवून ठेवली तर रात्रभरात ती चघळलेल्या च्युइंगगमसारखी होते, आणि फुंगच्या शर्यतीच्या इंधनात तर मद्यार्कच जास्त होता. सिंगापूरहून त्या खास नळीचा एक तुकडा आला होता. जुन वेईने पहिल्या पंपासाठी तो कापला आणि दुसऱ्यासाठी उरलेला आखूड पडला. नवा तुकडा यायला चार दिवस लागणार होते.

शनिवारी दुपारी थिम माझ्या गल्ल्याशी आला. हातात कागद होता, कोरा.

“बाहेरचे सगळे जोड कोरडे आहेत. पण मी सही करत नाही.”

“का?”

“टाकीच्या आत मी बघितलं नाही. झाकण उघडू द्या. भिंतीवरच्या रिळातनं हातभर नळी कमी झालीय. सकाळी नव्हती झालेली.”

जुन वेई तिथेच होता. “थिम सुक, नळ्या मोजत बसता काय? रिळातली मी दुसऱ्या गाडीला वापरली. आ-मा, प्रेशर बघ, संगणकाच्या पडद्यावर आकडा स्थिर आहे. तासभर तसूभर हललेला नाही.”

“हा आकडा पहिल्या पंपाचा,” थिम म्हणाला. “दुसरा अजून चालूच कुठं झालाय? तो मैदानात चालू होणार, गाडी पुरती दाबल्यावर.”

“टाकी उघडायची म्हणजे चार तास. फुंगचा ट्रक गाडी न्यायला दारात उभा आहे. आ-मा, दातुक याप वाट बघतायत. तू सांग.”

मी नातवाकडे पाहिले. तो माझ्याकडे पाहत नव्हता, पडद्याकडे पाहत होता. सत्तर वर्षे मी माणसांचे चेहरे वाचत आले आहे. त्या क्षणी काय वाचायचे ते मला दिसले होते. तरीही मी म्हणाले, “सही कर, थिम.”

“तौकेसो, न बघितलेल्या जोडाखाली मी आजवर नाव घातलं नाही.”

“तू कुठं नाव घालायचं ते हे गॅरेज ठरवतं. सही कर.”

त्याने सही केली. त्याच्याखाली मी केली. कागद देताना या वेळी तो “तपासून घ्या” म्हणाला नाही.

रविवारी तिसऱ्या फेरीत फुंगने गाडी पुरती दाबली. दुसरा पंप चालू झाला आणि रात्रभर भिजून मऊ पडलेली नळी टाकीतच सुटली. इंधन तुटले, हवा तेवढीच राहिली. थिमने दातुकांना पहिल्या दिवशी सांगितले होते तेच झाले, त्याच क्रमाने: पिस्टन वितळला, इंजिन फुटले, तेल तापलेल्या टर्बोवर उडाले. फुंगला ओढून काढेपर्यंत त्याचा डावा पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत भाजला होता. जीव वाचला. पाय पहिल्यासारखा होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले.

दातुकांचा निरोप सोमवारी सकाळी आला: गाडीची टाकी त्यांनी दुसऱ्या माणसाकडून उघडून पाहिली होती, चुकीची नळी ज्याने घातली त्या माणसाने मंगळवारी चार वाजता सगळ्या गल्लीच्या देखत आपल्यासमोर चहा ओतावा, नाहीतर मेंगलेम्बूत आमचे, थाम घराण्याचे, गॅरेज राहणार नाही. आमच्यात चहा ओतून माफी मागणे म्हणजे साधे पाहुणचाराचे काम नव्हे. ज्याने ओतला त्याचा गुन्हा त्यानेच कबूल केला, आणि तो मरेपर्यंत त्याचाच राहिला.

जुन वेई माझ्या खोलीत आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. “आ-मा, मी सांगतो त्यांना. मीच—”

“तू काही सांगायचं नाहीस. तुझ्या नावावर हे गॅरेज चालायचं आहे अजून चाळीस वर्षं. जा, तोंड धू.”

मग मी थिमला बोलावले.

“बस,” मी म्हणाले. माझ्यासमोर तो आजवर कधी बसला नव्हता. तेव्हाही बसला नाही. “कागदावर सही तुझी आहे.”

“हो.”

“चहा तू ओतशील.”

“टाकी मी उघडली नव्हती, तौकेसो. तुम्हाला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे म्हणूनच तुला बोलावलं. ठाऊक नसतं तर पोलिसांना बोलावलं असतं. तुझ्या बापानं आमच्या घरचा एक हात घेतला. आज आमच्या घरच्या पोराचा दोष तू घे. हाताला हात. मग देणं संपलं. काम्पारला जा, पाटी लाव, मी अडवणार नाही.”

“चहा ओतल्यावर त्या पाटीखाली गाडी कोण आणील?”

“ते देण्यात येत नाही.”

बाहेर कुणीतरी गाडीचे चाक काढत होते. नट फरशीवर पडल्याचा आवाज झाला. थिमने सवयीने तिकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“मग पुरतं फिटलं म्हणायचं? तुमच्या तोंडून ऐकतो. पुरतं?”

“पुरतं.”

“बरं,” तो म्हणाला.

मंगळवारी गल्लीतले सगळे गॅरेजवाले आले. समोरचा रंगवाला आला, टायरवाली आ-लान आली, ज्यांना थिमने फुकटात पंप दुरुस्त करून दिले होते तेही आले. दातुक याप मधोमध खुर्चीवर बसले. किटलीतले पाणी खळखळ उकळते असावे असे मी बजावले होते. कोमट चहाने मागितलेली माफी अपमान असते. थिम गुडघ्यांवर बसला, पेला भरला आणि दोन्ही हातांनी वर धरला.

“चूक माझी. नळी मी घातली. दातुक, चहा घ्या.”

दातुकांनी पेला घेतला नाही. “चार पिढ्यांचे पंप म्हणे! तौकेसो, फार मोठी वंशावळ सांगितलीत हो. चौथ्या पिढीला नळी ओळखता येईना?”

कुणीतरी हसले. मी पाहिले: आ-लान होती.

“मान वर कर,” दातुक म्हणाले. “माझा मुलगा रोज पट्ट्या बदलताना ओरडतो, ते तुला ऐकायला मिळालं पाहिजे.” त्यांनी किटली उचलली आणि भरलेल्या पेल्यावरून, थिमच्या उजव्या हातावर चहा ओतत राहिले. सावकाश. किटली रिकामी होईपर्यंत.

थिमने पेला सोडला नाही. त्याच्या तोंडून एक आवाज निघाला, लहान, कुलूप लागताना येतो तेवढा. माझ्यामागे जुन वेई एक पाऊल पुढे सरकला. मी मागे न पाहता हात आडवा धरला आणि ते पाऊल मागे गेले.

“आता घेतला मी चहा,” दातुक म्हणाले आणि उठले.

“योक थिम,” सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, “या गॅरेजात तुला काम नाही.” ते मला म्हणावेच लागणार होते. माणसे पांगली. अर्ध्या तासात गल्लीत पुन्हा हातोड्यांचे आवाज सुरू झाले.

थिमने नळाखाली हात धरला. कातडी मनगटापासून फुगून आली होती. हत्यारांची पेटी त्याने पुसून माझ्या टेबलाशी आणून ठेवली. हत्यारे गॅरेजची होती. मग तो बाहेर देव्हाऱ्याकडे गेला, डाव्या हाताने एक उदबत्ती लावली आणि त्याच्या नेहमीच्या स्टुलावर बसला. गॅरेजात तपासायला एकही गाडी नव्हती. तरी तो ती विझेपर्यंत बसला, चाळीस मिनिटे, राखेकडे पाहत. त्याला उठ म्हणायचे धैर्य कुणाला झाले नाही. मीही म्हणाले नाही.

उदबत्ती विझल्यावर तो आत आला. खिशातल्या ओळखपत्राच्या प्लास्टिकच्या पाकिटातून त्याने घडी केलेला एक कागद काढला, डाव्या हाताने सावकाश उलगडला आणि खिळ्यावर चढवला.

“तौकेसो, तपासून घ्या.”

एवढे बोलून तो गेला. मोटारसायकलची मूठ उजव्या हाताने पिळता येत नव्हती. गल्लीच्या टोकापर्यंत तो ती ढकलत नेताना मला दिसला.

आयुष्यात पहिल्यांदा मी कागद तपासला. पिवळा पडला होता, घड्यांवर फाटत आला होता. डाग मात्र कुठे नव्हता. मे १९८४. त्या टर्बो गाडीचा नंबर. ‘कोरडा’. सही वेंग होयची. खाली माझ्या नवऱ्याची, उजव्या हाताची ती वळणदार सही, जी त्या दिवसानंतर तो पुन्हा कधी करू शकला नाही.

मी कागद उलटला. मागच्या बाजूला डाव्या हाताने काढलेली, वाकडीतिकडी, मुलांसारखी अक्षरे होती. हॉन मिंग अंथरुणातून औषधवाल्याला चिठ्ठ्या लिहीत असे तीच ही अक्षरे. ती मला कुठेही ओळखू येतील.

‘थिम, तपासणीनंतर नळी मी पुन्हा सोडली होती. घट्ट करायची राहिली. कागद मीच काढून घेतला. ही जिवंत असेपर्यंत हिला सांगू नकोस.’

बारा वर्षे तो कागद थिमच्या छातीवरच्या खिशात होता. तो खिशात ठेवून तो माझ्यासमोर सुटका मागायला उभा राहिला होता, आणि तो खिशात ठेवूनच त्याने पेला धरला होता.

जुन वेई दारात येऊन काहीतरी विचारत होता. मी त्याला हातानेच जा म्हटले आणि कागद उजेडात धरून पुन्हा पाहिला. त्याने तो नव्याने टोचला नव्हता. अडतीस वर्षांपूर्वीचे भोक शोधून त्यातूनच त्याने खिळा घातला होता. कागदाला भोक एकच होते.